पंख्याला सगळं कळतं

ही गोष्ट घरात कुणाला माहीत नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्याबरोबर रोज बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही. याआधी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा मधेच उठून घरातले पंखे पुसत बसलो. आमच्या घरचे पंखे फार स्वच्छ असतात, असं येणारे-जाणारे आवर्जून सांगतात.

तर पंखा. गोष्ट एका पंख्याचीच आहे.

मी वायरमन. त्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यांना ऑटोमॅटिकचं वेड लागलं होतं. तापीकाठच्या केळीवाल्यांच्या मोटारींना मी ऑटो बसवून द्यायचो — लाइट आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी निवांत. त्यातून थोडं नाव झालं आणि बुऱ्हाणपुरातल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात कायमचं काम मिळालं. केळी पिकवायच्या खोल्यांसाठी तिथे पाइपच्या मांडण्या बनायच्या, लूमचे मोडके भाग जोडून मिळायचे. वेल्डिंग करायचे भास्करभाऊ. मूळचे डोईफोडिया गावचे, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. कमी बोलणारे, पण बोलले की सगळे हसायचे. मी नवा होतो तेव्हा आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्यांनी महिनाभर मला दिली आहे. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

त्यांच्या टेबलावर धूर ओढून घेणारा पंखा होता. पुढे नरसाळ्यासारखं तोंड, मागे छपराबाहेर गेलेला पाइप. बटण भिंतीवर. एका हातात वेल्डिंगचा होल्डर, दुसऱ्या हातात डोळ्यांपुढे धरायची काच, म्हणून भास्करभाऊ ते बटण कोपराने दाबायचे. टक — मग ठिणगी. काम झालं की पुन्हा कोपर. कधी विसरले नाहीत. त्या व्यवस्थेत खरं तर काहीच बिघडलेलं नव्हतं.

एक दिवस मालक म्हणाले, "विलास, हे बी ऑटोमॅटिक करून टाक ना यार." झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. मी टेबलाच्या मुख्य वायरीवर सेन्सर बसवला. वेल्डिंग सुरू झालं की करंट वाढणार, सेन्सरला ते समजणार, पंखा आपला आपण फिरणार. काम थांबलं की मिनिटभराने बंद. भिंतीवरचं बटण मी काढून टाकलं आणि तिथे कोरी पट्टी ठोकली. ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, बटण कशाला हवं?

पण त्याच वायरीवर ग्राइंडरही होता. कुणी ग्राइंडर लावला की पंखा सुरू! "विलासच्या पंख्यात भूत आहे बे," म्हणून आठवडाभर सगळे हसले. मला — आता लपवून काय करू — मला हसलेलं सोसत नाही. मी एक छोटा स्क्रू फिरवला आणि सेन्सरची मर्यादा ग्राइंडरच्या वर नेऊन ठेवली. पंखा ग्राइंडरला सुरू होईना. हसणं थांबलं. सेन्सर तिथून काढून वेल्डिंग मशीनच्याच केबलवर बसवायला हवा होता, ते तेव्हा डोक्यात आलं नाही. इथवर ती चूक होती, आणि चूक काय, कुणाच्याही हातून होते. मी चुकीबद्दल लिहीत नाहीये.

दुसऱ्याच आठवड्यात मांडण्यांचं मोठं काम आलं. मांडण्यांचे पाइप पातळ असतात, वरून जस्त चढवलेले. करंट जास्त ठेवला तर पाइपला भोक पडतं, म्हणून तो कमी ठेवायचा — ग्राइंडरपेक्षाही कमी. आणि धूर मात्र जस्ताचाच सगळ्यांत वाईट. पांढरा, तोंडात गोडसर चव आणणारा. त्याचे तंतू लूमच्या शेडमधल्या कापसासारखे हवेत तरंगत राहतात. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि सकाळी उतरतो. माझा पंखा नेमका कुठल्या कामाला गप्प बसणार होता — आलं ना लक्षात?

भास्करभाऊंच्या लगेच आलं. मला हाक मारून म्हणाले, "विलास, पंखा तं चालूच नाही होऊन राहिला रे. पाइपले धूर लई आहे. ते बटण तरी परत बसव ना."

मी वर पाहिलं. पंखा थांबलेला. काय झालंय ते मला एका क्षणात समजलं — हे वाक्य मी आजवर स्वतःशीही पूर्ण बोललो नव्हतो. समजलं. आणि तरी मी काय म्हणालो? "भास्करभाऊ, त्याला कळतं. गरज असली की बरोबर फिरतो. पातळ कामाला कसला आलाय धूर? तुम्ही बिनधास्त करा."

ते हसले आणि बाजूच्या फिटरला म्हणाले, "ऐकलं का बे? पंख्याले सगळं कळते." त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वास ठेवला. शिकलेला माणूस सांगतोय, खोटं कशाला सांगेल?

कशाला सांगितलं? बटण परत बसवायचं म्हणजे माझं यंत्र फसलं हे सगळ्यांना दिसणार. मालक तोवर मला इन-चार्ज म्हणू लागले होते. जळगाव-खंडव्याहून कुणी आलं की पंखा दाखवायला घेऊन यायचे. त्यासाठी मी टेबलाखाली लोखंडाच्या जाड पट्टीचा एक तुकडा ठेवला होता. पाहुणे आले की तोच तुकडा पुढे करायचा — "भास्करभाऊ, जरा यावर दाखवा." जाड पट्टी, जास्त करंट, पंखा झोकात सुरू. वा-वा! भास्करभाऊसुद्धा कौतुकाने बघायचे. पाहुणे गेले की मी तुकडा परत टेबलाखाली सरकवायचो आणि ते परत पाइपला बसायचे. एकदा-दोनदा नाही, दोन उन्हाळे हे चाललं.

माझ्या जिवाला चैन होतं का? नव्हतं. मी टेबलाजवळ जाणंच टाळायचो. पण गेलो की एक गोष्ट हटकून दिसायची. ठिणगी पाडण्याआधी त्यांचा कोपर अजून भिंतीकडे जायचा. कोऱ्या पट्टीला लागायचा आणि परत यायचा. कितीतरी महिने. मग ते तंबाखूच्या जुन्या डबीतून गुळाचा खडा काढून तोंडात टाकायचे. गुळाने धूर घशात बसत नाही असं आमच्याकडे सगळे वेल्डर मानतात. डबी आधी आठवड्याला भरावी लागायची, पुढे ते ती रोज भरून आणू लागले.

ताप यायचा. सोमवारी जास्त, कारण सुट्टीच्या एका दिवसात अंगाची धुराची सवय मोडते. मग खोकला आला आणि गेलाच नाही. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना होल्डर धरून पाच मिनिटं उभं राहवेना. डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं थकली आहेत, हे काम बंद करा. आता तुम्ही म्हणाल, त्याआधीही त्यांनी वीस वर्षं धूर खाल्लाच होता. म्हणू नका. हे वाक्य मी फार वापरलंय, वापरून वापरून ते झिजलंय.

ते गावी गेले. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटाच कारखान्यात गेलो, सेन्सर काढला आणि वेल्डिंग मशीनच्या केबलवर बसवला. मर्यादा खाली आणली. पातळ पाइपला ठिणगी पाडून पाहिली — पंखा फिरला. वीस मिनिटं लागली असतील. वीस मिनिटं! मी तिथेच त्या टेबलाजवळ खाली बसलो. पंखा मिनिटभराने आपोआप बंद झाला.

महिनाभराने त्यांना भेटायला डोईफोडियाला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. ते ओट्यावर बसले होते, मागे उशी लावून. मला बघून उठायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. वहिनींनी गूळ-पाणी आणलं, पाहुण्याला देतात तसं. भास्करभाऊ त्यांना म्हणाले, "हाच तो विलास. याचा पंखा होता म्हणून एवढे दिवस निभलं, नाही तं मी पहिलेच खाट धरली असती." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "चालतो ना अजून?"

"चालतो," मी म्हणालो.

ताटलीत गुळाचा खडा होता. तो मी तोंडात टाकला, पाणी प्यायलो. पिकापाण्याचं विचारलं. आणि पाचच्या बसने परत आलो.

याला आता बरीच वर्षं झाली. काढलेलं ते बटण माझ्या कपाटात आहे, टाकवत नाही. पंखा अजून चालतो, पातळ पाइपलाही. भास्करभाऊही आहेत, तिथेच, त्याच ओट्यावर. डोईफोडियाची बस रोज सुटते. हे ज्यांना सांगायचं होतं ते तिथे बसलेले आहेत, आणि मी तुम्हाला सांगितलं.