ओली गासडी कुणाची

कर्जत स्टेशनाच्या पलीकडं, दहिवलीच्या वाटेला आबाजीशेटची गवताची वखार होती. लढाईचे दिवस. लष्कराच्या खेचरांना गवत लागे, आणि लढाई कुणाची का असेना, खेचरं दिवसातून दोनदा खातातच. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचं गवत कापायचं, वाळवायचं, लाकडी दाबात घालून त्याच्या गासड्या आवळायच्या आणि रेल्वेच्या वाघिणीत भरून रवाना करायच्या, असा तो धंदा. देशात 'चले जाव' चाललं होतं, वखारीत 'गवत आण' चाललं होतं.

कळंबचा भिवाजी ठोंबरे या वखारीत सहा वर्षं वजनाच्या काट्यावर होता. बेचाळीसच्या दिवाळीत शेटनं त्याला मॅनेजर केलं. म्हणजे काय केलं, तर दारावर एक पाटी ठोकली: 'भि. रा. ठोंबरे, मॅनेजर'. पगार तोच, काम तेच. लष्कराच्या करारावर 'जबाबदार इसम' म्हणून भिवाजीची सही घेतली, एवढंच नवीन. भिवाजीनं ती सही इतकी सावकाश, इतकी वळणदार केली की शेटला दोनदा जांभई आली.

घरी येऊन त्यानं बायकोला, विमलबाईला ही बातमी सांगितली. विमलबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पाटी कशाला लावतात ठाव हाय का? दगड कुठं मारायचा ते लोकांना कळावं म्हणून."

"तुला मेलं कौतुकच नाय कशाचं," भिवाजी म्हणाला आणि जेवायला बसला.

माणूस सरळ होता, यात वाद नाही. खोटं बोलणं त्याला जमतच नसे. बोलायला गेला की कान लाल व्हायचे. पण सरळ माणसाची एक पंचाईत असते. त्याला वाटतं, आपण खरं बोललो की आपलं काम संपलं. अहो, खरं बोलणं म्हणजे काय अंगणात सडा टाकणं आहे, टाकला आणि हात झटकले? पण हे भिवाजीला कोण सांगणार! मॅनेजर होता ना तो.

माघ महिन्यात लष्कराचा सुभेदार गवत पास करायला यायचा. त्याच्या दोन दिवस आधी शेटनं भिवाजीला वाघिणींच्या परवान्यावर शिक्का आणायला खालापूरला धाडलं. कचेरीतले साहेब फिरतीवर होते म्हणून मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी शिक्का घेऊन तो खोपोलीच्या गाडीनं परत आला, आणि तिसऱ्या दिवशी सुभेदार हजर. साताऱ्याकडचा, मिशाळ, कमी बोलणारा माणूस. त्यानं एका गासडीत हात खुपसला आणि बाहेर काढला तर हात ओला आणि गरम. ओलं गवत आवळलं की आतून तापतं, कुजतं. वजन मात्र झकास भरतं.

"ही गासडी कुणाची?" सुभेदारानं विचारलं.

गवत कापून आवळणाऱ्या प्रत्येक टोळीची खूण ठरलेली असे. या गासडीच्या दोरीला पळसाच्या सालीची दुहेरी गाठ होती. कशेळ्याच्या वरच्या वाडीतल्या शुक्राची टोळी तशी गाठ मारायची. भिवाजीनं गाठ पाहिली आणि खरं ते सांगितलं. "शुक्राच्या टोळीची, साहेब."

शुक्रा तिथंच उभा होता. तो तोंड उघडणार, तेवढ्यात शेटचा भाचा मोरू पुढं झाला आणि त्यानं शुक्राच्या डाव्या कानशिलात अशी सणसणीत भडकावली की दाबावरची कबुतरं उडाली. "पाणी मारून वजन वाढवतोस, चोरा?" शुक्राला पकडून नेलं. अकरा दिवस तो कोठडीत होता.

बाराव्या दिवशी शुक्राची बायको भागी त्याचा विळा न्यायला वखारीत आली. भिवाजी तिला समजावू लागला, की मी गाठ पाहिली, जे दिसलं ते सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. भागीनं विळा कमरेला खोचला. "आमी कोरडा घातला व्हता," ती म्हणाली. "तू खालापूरला गेलास नि वखारीची भुई वली झाली. माघात पाऊस पडतो का रं?"

आणि ती गेली. भिवाजी तिथंच उभा राहिला. सहा वर्षं त्यानं वखारीतलं गवत पाहिलं होतं, वखारीतली माणसं कधी पाहिलीच नव्हती. आता त्याला आठवू लागलं, खालापूरहून परतला त्या दिवशी विहिरीचा दोर ओला होता. मोरूच्या धोतराचा काठ चिखलानं भरला होता. सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि मॅनेजर गाठ वाचत होते!

तो शेटकडं गेला. शेटनं शांतपणे ऐकून घेतलं, पान लावलं, चुना जास्त झाला म्हणून बोटानं काढला. "भिवाजी, तू गवत बघ," शेट म्हणाला. "माणसं मी बघतो."

त्या दिवसापासून भिवाजीचा जेवणावरचं मन उडालं. विमलबाईनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी ताट पुढं सारून विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. म्हणाला, "माझ्या तोंडानं गेला गं तो कोठडीत. मला लाज वाटते माझी."

विमलबाई चार जावांच्या घरात नांदून आलेली. राजकारण तिला शिकवायची गरज नव्हती. "सुभेदार यायच्या तोंडावर शेटला तुमचंच खालापूर कसं आठवलं?" तिनं विचारलं.

"परवान्यासाठी."

"परवाना आठ दिवस आधी आणता आला नसता? अवं, आमच्या थोरल्या जाऊबाईला दूध उतू घालवायचं असलं की ती मला विहिरीवर धाडायची नि खापर माझ्यावर फोडायची. नि सासूला समदं ठाव असायचं. तिच्या तोंडून निघत नव्हतं, एवढंच."

"मग तू काय करायचीस?"

"पयल्यांदा रडले. दुसऱ्यांदा थोरलीचं नाव घेतलं, तर समदे माझ्यावरच उलटले, नवी म्हणून. तिसऱ्यांदा समद्यांदेखत म्हनले, दूध माझ्याच हातून उतू गेलं. तवा सासराच म्हनला, ही कशी घालवंल, ही तर विहिरीवर व्हती, थोरलीनंच धाडली व्हती की! मग सासूला बोलावंच लागलं." तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली. "तुमी कुणाचं नाव घेतलंसा तर कोण आयकनार? मोरू भाचा हाय, तुमी पाटी हायसा. ज्याच्या तोंडचं खरं मानतात, त्याच्या तोंडून खरं निघालं पायजे. जेवा आता."

भिवाजी जेवला.

पुढच्या दिवाळीला गवत तयार झालं, तरी वाडीवरून टोळी येईना. भिवाजी स्वतः कशेळ्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं पायी वाडीवर गेला. शुक्रा दारात कोयत्याला धार लावत बसला होता. भिवाजी समोर बसून बोलायला लागताच शुक्रानं सरळ तोंड फिरवलं. भिवाजीला ते काळजात लागलं. पण म्हणणार काय? त्याचा हक्कच होता.

"तू खरा बोलला व्हतास," शुक्रा दुसरीकडं बघतच म्हणाला. "गाठ माझीच व्हती."

"यंदा येशील का?"

"यावाच लागल. पोटाला काय रुसता येतंय?" मग तो थोडा वेळ धार लावत राहिला. "पन मी गासडी काट्यावर घालीन तवा तू हात घालून बघायचा. कोपरापातूर. दर गासडीला."

भिवाजीनं कबूल केलं. आणि नुसतं कबूल नाही केलं, पाळलं. दर गासडीत तो उजवा हात कोपरापर्यंत खुपसायचा. वाळलं गवत काय मऊ असतं होय? संक्रांतीपर्यंत त्याच्या हातावर मांजरांनी शाळा भरवल्यासारखे ओरखडे झाले. मोरू हसायचा, "मॅनेजर, गासडीत काय अंडी शोधताय?" भिवाजी म्हणायचा, "सापडलं तर तुम्हाला पहिलं देईन, मोरूभाऊ." एवढं तिरकं बोलणं त्याला आता येऊ लागलं होतं. तो माणसं बघू लागला होता: शेट कुणाशी बोलताना टोपी सरळ करतो, मोरू कुणाच्या पाठीमागं उभा राहतो, सुभेदाराची बैठक कुणाच्या शेजारी मांडतात.

माघ आला. सुभेदार गुरुवारी येणार होता, आणि सोमवारी शेट म्हणाला, "भिवाजी, तेवढं खालापूरला जाऊन परवान्याचं बघ."

"जातो की," भिवाजी म्हणाला. "शेटजी, माझं नाव नि जाण्यायेण्याच्या दोन्ही दिवसांची तारीख घालून आणतो. सरकारी कागद आहे, उगाच शंका नको."

"आण, आण," शेट म्हणाला.

मंगळवारी तो गेला, बुधवारी दिवेलागणीला परत आला. वखारीची भुई ओली होती. चाळीस गासड्यांच्या रांगेत त्यानं हात घातला, आतून ऊब लागली. रांगेवरची गाठ पळसाच्या सालीची. या खेपेस शुक्राला नेलं तर अकरा दिवसांवर थोडंच भागणार होतं! मोरूनं विचारलं, "काय मॅनेजर, काय झालं?" भिवाजी म्हणाला, "काही नाही. दमलो." ते खरंच होतं.

गुरुवारी सुभेदार आला. शेट बाजेवर त्याच्या शेजारी बसला, मोरू शेटच्या पाठीमागं. टोळ्या कुडाला टेकून उभ्या होत्या, त्यात शुक्राही होता. सुभेदारानं तिसऱ्याच गासडीत हात घातला आणि तो तसाच सगळ्यांना दाखवला.

"कुणाची ही?"

"मॅनेजरला विचारा, साहेब," मोरू म्हणाला. "ते खोटं बोलत नाहीत. सगळ्या कर्जतला ठाऊक आहे."

सगळे भिवाजीकडं बघू लागले. एक शुक्रा तेवढा खाली बघत होता.

"माझी," भिवाजी म्हणाला.

"तुमची म्हणजे?"

"गाठ शुक्राच्या टोळीची आहे. सोमवारी ती काट्यावर आली तेव्हा मी हात घालून पाहिली, कोरडी होती. काट्यावरून उतरली की राखण वखारीची. वखारीच्या दारावर पाटी माझी, करारावर सही माझी. म्हणून गासडी माझी. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, साहेब."

सुभेदारानं त्याच्या हाताकडं पाहिलं. ओरखड्यांवर ओरखडे. "आणि पाणी?"

"तेही माझ्याच नावावर. नाहीतर कुणाच्या लिहिणार?" असं म्हणून भिवाजीनं परवाना पुढं केला. "हा कागद तेवढा बघा. याच्यावाचून वाघिणी हलायच्या नाहीत."

सुभेदारानं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "मंगळवार आणि बुधवार तुम्ही खालापूरला होता?"

"शेटजींनी धाडलं होतं. त्यांनाच विचारा."

आता आबाजीशेटची गंमत बघा. 'मी धाडलं नाही' म्हणावं तर परवाना खोटा ठरतो आणि वाघिणी जागच्या हलत नाहीत. 'धाडलं' म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो. शेटनं टोपी सरळ केली. मग पुन्हा सरळ केली, आधीच सरळ असलेली.

"होय," शेट म्हणाला. "मीच धाडलं."

"मग त्या दोन दिवसांत वखार कुणाच्या ताब्यात होती?"

शेटनं मोरूकडं पाहिलं नाही. "भाच्याच्या," तो म्हणाला. "आमच्या मोरूच्या."

चाळीस गासड्या बाद झाल्या, बाकीच्या पास. मोरूला कुणी कोठडीत नेलं नाही. शेट म्हणाला, पोरसवदा आहे, चुकलं. सुभेदारानं मिशी चावली आणि सोडून दिलं. भाच्यांसाठी कोठड्या बांधलेल्या नसतात. पुढच्या महिन्यात मोरू शेटच्या कल्याणच्या वखारीवर गेला, मोठा होऊन. आणि शिमग्याला हंगाम संपला तेव्हा शेटनं दारावरची पाटी उतरवून भिवाजीच्या हातात दिली. म्हणाला, "तू फार हुशार झालास रे, भिवाजी." विमलबाईनं ती पाटी धुतली आणि पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवली. मापात बसली.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी वाघिणी भरून झाल्यावर शुक्राची टोळी वाडीकडं निघाली, तेव्हा भिवाजी त्यांच्याबरोबर चालू लागला. कशाला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. टोळी पुढं गेली. शुक्रा आणि तो मागं राहिले. शुक्राच्या डाव्या अंगाला चालत भिवाजीनं एका वर्षाचं साचलेलं सगळं बोलून टाकलं. गाठ पाहिली पण माणूस पाहिला नाही, खरं बोललो म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली, तुझ्या कानशिलात बसली तेव्हा मी मध्ये पडलो नाही, तुझ्या वाडीला येऊन माफीसुद्धा मागितली नाही, नुसती माणसं मागितली. असं तो बापाच्या मयतीलाही बोलला नव्हता.

शुक्रा काहीच बोलला नाही. पुढं बघत चालत राहिला. भिवाजी समजला, की नाही, हे मिटणारं नाही.

ओढ्यापाशी शुक्रा थांबला. त्यानं भिवाजीकडं पाहिलं, त्याचे ओले डोळे पाहिले आणि बुचकळ्यात पडला.

"काय बोलतोस का, मॅनेजर?" त्यानं विचारलं आणि डाव्या कानावर हात ठेवला. "हा बंद हाय. मोरूनं हानला तवापासना. ह्या अंगानं ये."

भिवाजी जागीच उभा राहिला. वाडीवर शुक्रानं तोंड फिरवलं नव्हतं, ऐकता कान पुढं केला होता, हे त्याला आता दिसलं. मग तो वळसा घालून शुक्राच्या उजव्या अंगाला आला. मघाचं एवढं सगळं बोललेलं, त्यातलं आता एकही वाक्य आठवेना.

"माझं चुकलं, शुक्रा," तो म्हणाला.

"आयकला," शुक्रा म्हणाला, आणि दोघं ओढा उतरले.