पेंग्विनचं बदक आणि शेवटची अकरा पानं

विमान फ्रँकफर्टला खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून गडद हिरवं जंगल आणि त्यात मध्ये मध्ये लाल कौलांची गावं दिसली, पण माझं लक्ष पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे होतं. तिच्यात माझीच एक जुनी कादंबरी होती, आणि ती तिथल्या पुस्तकमेळ्यात स्पेनच्या प्रकाशकांना खपवायचं जावयाने मनावर घेतलं होतं.

कादंबरीचं नाव ‘दीपगृहाची तेरावी पायरी’. पुण्यात पोस्टात नोकरी करत असताना मी वाचनालयांसाठी खिशात मावतील अशा रहस्यकथा लिहीत असे. बाकीच्या सगळ्या माझ्या, ही नव्हे. आप्पा बळवंत चौकाजवळच्या फूटपाथवर मला लंडनला छापलेली एक चित्रकथा मिळाली होती. शेवटची पानं फाटलेली, लेखक-चित्रकाराचं नाव कुठेच नाही. मी ते दीपगृह उचलून कोकणात आणलं, रखवालदाराचा गणू केला आणि त्याच्या पाळीव पेंग्विनचं बदक केलं. खुनी कोण ते मलाही माहीत नव्हतं, म्हणून शेवट मनाने लिहिला. वर ‘संपूर्ण स्वतंत्र कादंबरी’ असं छापून मोकळा झालो. आणि वाचकांनी डोक्यावर घेतली ती नेमकी हीच!

आमचे फ्रँकफर्टला राहणारे जावई मंदारराव त्या वाचकांपैकीच. शाळेत असताना त्यांनी ती चार वेळा वाचली होती. मुलगी बघायला आले तेव्हा माझ्या मुलीपेक्षा माझ्याशीच जास्त बोलले, तेही बदकाबद्दल. त्यांना खरं कळू नये, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

विमानतळावर ते हसतच सामोरे आले. “बाबा, टेर्मिन मिळाला!” टेर्मिन म्हणजे आधी ठरवून घेतलेली भेटीची वेळ. या देशात डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळे टेर्मिनवर चालतात. “बार्सिलोनाचे पब्लिशर आहेत. मी कथेचा सारांश इंग्लिशमध्ये पाठवला होता. बाईंचं लगेच उत्तर आलं. त्यांना बदक फार आवडलंय!”

पुढचे दोन दिवस मला फ्रँकफर्ट दाखवण्यात आलं. रस्ता मोकळा बघून मी लाल दिव्यात पलीकडे गेलो, तर एका आजीबाईंनी मला उभं करून झापलं. शब्द एकही कळला नाही, अर्थ पूर्ण कळला. नदीकाठच्या खानावळीत ‘हांडकेझ’ (कच्चा कांदा आणि व्हिनेगर घातलेलं चीज) खाल्लं. त्याचा वास दारातूनच आमच्या स्वागताला आला होता. एरवी मी दोन प्लेट मागवल्या असत्या, पण डोक्यात तो टेर्मिनच घोळत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुस्तकांच्या मेळ्याला गेलो. एकेक दालन एवढं मोठं, की आतच सरकते रस्ते. स्पॅनिश प्रकाशकांच्या गाळ्याशी आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो.

“आल्झो, दहा मिनिटं आहेत,” मंदारराव म्हणाले. ‘तर मग’ म्हणायची ही त्यांची जर्मन सवय. “तोवर हे बघू या.”

गाळ्याच्या भिंतीवर त्या प्रकाशनाचा इतिहास लावला होता. स्पेनच्या यादवी युद्धानंतर दोन भावांनी एका छोट्या छापखान्यात मुलांच्या चित्रकथा काढायला सुरुवात केली. मग काउबॉय, गुप्तहेर आणि प्रेमिकांवरच्या, खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या आल्या. लोक त्या कोपऱ्यावरच्या टपरीवरून घेत, वाचत आणि चार पैसे देऊन बदलून नेत. लेखक आठवड्याला एक कादंबरी पाडत. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. पुढे त्यांचे चित्रकार घरबसल्या लंडनच्या मासिकांसाठी चित्रं काढू लागले, असं शेवटच्या फलकावर लिहिलं होतं. शेजारी नमुन्याचं एक चित्र होतं. गोल जिना, पायरीवर एकच बूट, आणि बुटाशेजारी पेंग्विन.

मंदारराव चित्राकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

“बाबा, ही तर तेरावी पायरी.”

तेवढ्यात नुरियाबाई आल्या. सत्तरीच्या, गळ्यात लाल रुमाल. भिंतीवरचं ते चित्र काढणाऱ्याची मुलगी आणि आता प्रकाशनाच्या मालकीणबाई. खुर्चीत बसायच्या आधीच मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं: फूटपाथ, फाटकी पानं, बदक. मंदाररावांकडे बघायची हिंमत झाली नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, “माहीत आहे. सारांश वाचूनच कळलं. म्हणून तर बोलावलं.”

मग त्या हसायला लागल्या. “आमच्याकडे उलटं होतं. आमचे लेखक बार्सिलोना सोडून कुठे गेले नव्हते, पण पुस्तकावर अमेरिकन नाव आणि खाली ‘इंग्रजीवरून अनुवादित’. नाहीतर कुणी विकत घेत नसे. आम्ही स्वतःचं दुसऱ्याचं म्हणून विकलं, तुम्ही दुसऱ्याचं स्वतःचं म्हणून.”

त्यांची अडचण वेगळीच होती. चित्रांचा शेवटचा गठ्ठा लंडनहून परत आलाच नव्हता. छापील प्रतही सापडत नव्हती, आणि शेवट वडिलांनी घरी कुणाला सांगितला नव्हता. त्यांना ती चित्रकथा पुन्हा छापायची होती. “तुमच्या पुस्तकात खून कोणी केला?”

मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पुन्हा एकदा विचारलं, आणि खुशीत टेबलावर हात आपटला. माझी शेवटची अकरा पानं त्यांना हवी होती. त्यावरून चित्रं काढून घेणार होत्या.

परतताना एस-बान या लोकल गाडीत मंदाररावांनी माझ्या बॅगेतून कादंबरी काढून शेवटची पानं उघडली.

“बाबा, शेवट तुमचाच ना?”

“माझाच.”

“नक्की?”

“पोरीची शपथ.”

“मग झालं. मला पहिल्यापासून शेवटच आवडायचा. बदक नंतर.” धडधडीत खोटं बोलत होते.

पुण्याला परतल्यावर काही महिन्यांनी पुस्तकाचं पार्सल आलं. सोबत चिठ्ठी: जुन्या मालेच्या रिवाजाप्रमाणे सगळी नावं अमेरिकन ठेवली आहेत, राग नसावा. मी पानं उलटली. शेवटच्या भागावर कुणा अमेरिकन माणसाचं नाव होतं. माझी अकरा पानं, माझा खुनी, आणि नाव भलत्याचंच! चाळीस वर्षं दुसऱ्याची कथा माझ्या नावावर मिरवली तेव्हा छान झोप लागायची; आता जीव कळवळला. शेजाऱ्यांना दाखवायला नेलेलं पुस्तक तसंच परत आणलं.

पुन्हा पहिलं पान उघडलं. तिथेही एक अमेरिकन नाव. म्हणजे तो जिना, तो बूट, तो पेंग्विन ज्याच्या हातून उतरला, तो माणूस आजही या पुस्तकात कुठेच नाही. आणि मीही नुरियाबाईंसमोर तासभर बसून फक्त माझंच सांगत राहिलो होतो. मंदाररावांना फोन लावला.

“मंदारराव, बाईंना विचारा,” मी म्हणालो, “त्यांच्या वडिलांचं खरं नाव काय होतं?”