कूलरसमोरचा पाहुणा

आमच्या अमरावतीत मे महिन्यात माणसाची किंमत तो कूलरपासून किती लांब बसलाय यावरून कळते. जावई थेट समोर, मेहुणा जरा बाजूला, वर्गणीवाले दारापाशीच. मी माझा साप थेट समोर ठेवला होता. माझं त्याच्यावर किती प्रेम होतं ते यावरूनच समजून घ्या.

साप म्हणजे बॉल पायथन, आफ्रिकेतला छोटा अजगर, रीतसर कागदपत्रं करून आणलेला. विषारी नाही. घाबरला की स्वतःचा चेंडू करतो आणि डोकं आत लपवतो. बायको चिडली की मीही साधारण तेच करतो, त्यामुळे तो मला पहिल्या दिवसापासून घरचा वाटला. त्याच्यासाठी मोठी काचेची पेटी आणली. आल्यागेल्याला नीट दिसावा म्हणून आत आडोशाला काहीच ठेवलं नाही. कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, त्याचं तोंड पेटीकडे वळवलं आणि मी मात्र बाजूला घाम पुसत बसायचो.

आणि हा दिवसभर काचेला नाक घासत फिरायचा! या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. झाकण ढकलून पाहायचा. नाकावरचे खवले सोलून निघाले. एकदा निसटला तो फ्रिजमागे मोटरला बिलगलेला सापडला. मला वाटलं, उकाड्यानं तळमळतोय बिचारा. मी कूलर फुलवर केला. तो पुन्हा निसटला आणि सेट-टॉप बॉक्सवर वेटोळं घालून बसला.

"काय कमी केलं बे तुले?" मी त्याला हातात धरून विचारलं. त्यानं जीभ काढून दाखवली.

बायको दारातून पाहत होती. "आता अजून एक डाव निघाला ना, तं अकोल्याले तुमच्या मित्राकडं जाईन तो. सांगून ठेवते."

मी कबूल केलं. झाकणावर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा. तरी चार दिवसांत पेटी रिकामी. मी पलंगाखाली आडवा होऊन शोधतोय, तोवर बायको सरळ चालत इन्व्हर्टरपाशी गेली. "हा पहा." बॅटरीला मिठी मारून, माहेरी आल्यासारखा निवांत पडला होता. तिला तो इतक्या चटकन सापडला कसा, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं.

अकोल्याचा मित्र माझ्या कॉलेजातला, घरी असलेच प्राणी पाळणारा. साप त्याच्याकडे देऊन आलो आणि पंधरवड्यानं भेटायला गेलो. अपेक्षा अशी, की माझ्या आठवणीनं तो वाळला असेल. तर एका साध्या प्लास्टिकच्या डब्यात, पालथ्या मडक्याखाली, स्वारी खाऊनपिऊन सुस्त. मी हाक मारली. ढिम्म हलला नाही. ज्याच्यासाठी मी कूलर सोडला, तो मडक्यात सुखी!

"कुठं ठेवत होता तू याले?" मित्रानं विचारलं.

"कूलरसमोर."

"अबे, साप हाय तो, जावई नाई!" तो हसत सुटला. मग त्यानं डब्याच्या एका टोकाखाली घातलेली गरम पट्टी दाखवली. "याचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाई. एका बाजूनं ऊब पाह्यजे, लपाले अंधार पाह्यजे. दोन्ही नसलं तं तो बाहेरचा रस्ता शोधतच राह्यते. तू त्याले गारठवून राहिला होता."

परतताना मी मडकं विकत घेतलं. घरात शिरताच बायकोला सगळं सांगितलं. आता तो पळणार नाही, उद्याच घेऊन येतो म्हणालो.

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले तं तो टीव्हीच्या डब्यावर सापडला तवाच समजलं. दर डाव गरम जागीच जाऊन बसे."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं गेला असता काय? ठरलं ते ठरलं. आता आणाचा नाई."

मी मडक्याकडे पाहिलं. साप फितूर निघाला होता, त्याचं मी एव्हाना मनाला लावून घेतलं होतं. पण ही?

जेवायला तिनं माझं ताट कूलरच्या थेट समोर मांडलं. मी ते उचललं आणि इन्व्हर्टरपाशी जाऊन बसलो.

"तिथं काय करून राहिले? घामानं निथळान!"

मी घास घेतला. बॅटरीची ऊब खरोखरच चांगली लागत होती, हे मात्र मी तिला सांगणार नव्हतो.