सुशीलाक्का नावाची बाई

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. सांगायला तसं कुणी नव्हतंही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे. म्हणजे काय बनवायचं, कुणासाठी आणि का, हे ठरवणारा माणूस. ऐकायला भारी वाटतं, नाही?

म्हशी पाळणाऱ्या बायकांसाठी आम्हाला ॲप करायचं होतं. त्यांना नेमकं काय हवंय ते विचारायला आमच्या मालकांनी — आम्ही त्यांना दादा म्हणतो — मला गगनबावड्याकडच्या गावांत पाठवलं. मी जे ऐकून येईन, त्यावरून ॲपचं व्हिजन ठरणार होतं.

मी गेलो. खरंच गेलो. पहिल्याच घरासमोर गाडी लावली आणि पाय उचलेना. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून पळतो — पण हे नोकरीच्या मुलाखतीत कोण सांगतं? गोठ्यातून एक बाई बाहेर आली. "पावणं, भाईर का हुबं? आत या की." मी म्हणालो, घर चुकलो. आणि निघालो. वाटेतल्या हॉटेलात चहा पीत दिवस घालवला.

दुसऱ्या दिवशी दादांनी विचारलं, कोण कोण भेटलं? मी म्हणालो, सुशीलाक्का.

नाव कुठून आलं कोण जाणे. एकदा आलं, मग बाकीचंही येत गेलं — दोन म्हशी, पुण्याला गेलेला मुलगा, अबोल नवरा. आणि त्यांचं बोलणं: "दिवसभर म्हशीसंगट बोलत असती मी. तुमच्या फोनात माणूस घावंल व्हय?"

दादांचे डोळे भरून आले. व्हिजन तिथंच ठरलं — बाईला एकटं वाटू नये. बायकांनी एकमेकींशी गप्पा मारायचं ॲप. आक्कांचं वाक्य ऑफिसच्या भिंतीवर रंगवून घेतलं. ते वाक्य कुणाचं होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ऑफिस सुटल्यावर मी राजारामपुरीतल्या खोलीवर जातो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

माझी सहकारी पद्मजा मात्र गडमुडशिंगी गावात घरोघर फिरून आली. एकटेपणाचं नाव काढल्यावर तिथल्या बायका हसल्या म्हणे. त्यांना दुधाला फॅट किती लागली ते लगेच फोनवर हवं होतं, आणि म्हैस विताना अडली तर डॉक्टर. ती बरोबर होती. ऐकतानाच मला ते कळलं. मग मी काय केलं? सगळ्यांसमोर विचारलं — म्हणजे सुशीलाक्का खोट्या का? पद्मजानं वही मिटली.

पुढं दादांनी ठरवलं, ॲप सुरू करताना आक्कांना बोलवायचं, खण-नारळानं ओटी भरायची. गाडी पाठवतो, पत्ता दे म्हणाले. मी टाळत राहिलो. शेवटी सांगितलं — त्या गेल्या.

दादांनी सगळ्यांना उभं केलं. श्रद्धांजली. मीही उभा राहिलो, आणि — हे सांगायला जास्तच लाज वाटते — मला खरंच रडू आलं. त्यानंतर व्हिजनबद्दल कोण शंका काढणार? गेलेल्या बाईशी कुणी वाद घालत नाही.

ॲप चाललं नाही. कसं चालणार? माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा पद्मजाचं नाव आधी निघालं. तिचा व्हिजनवर विश्वासच नव्हता, असं दादा म्हणाले. मी समोर बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी पाणी प्यालो.

शेवटच्या दिवशी ती जिन्यात माझ्यासाठी थांबली होती. म्हणाली, "उगंच शंका घेतली रे मी तुझ्यावर. आक्का गेल्याचं कळल्यावर लई वाईट वाटलं. मनात ठेवू नको."

मी म्हणालो, असू दे — आणि तिला माफ केलं.