अण्णांच्या भजनाची उतरती ओळ

शहरातल्या एका संगीतकाराच्या संग्रहालयाच्या पायरीवर मी नारळ फोडला. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. देऊळगाव राजाला आमच्या देवघरात बालाजीच्या तसबिरीशेजारी त्या संगीतकाराचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोघांनाही एकाच उदबत्तीने ओवाळायचे. मग ज्यांच्या नावाने शहरात एवढी इमारत उभी आहे, तिथे रिकाम्या हाताने कसं जायचं? नारळाचं पाणी उडालं ते थेट दारावरच्या बाईंच्या साडीवर. "काका, हे देऊळ नाही," त्या म्हणाल्या. माझी बायको दोन पायऱ्या मागे सरकून, हा माणूस आपला कोणी नव्हे, अशा चेहऱ्याने उभी राहिली.

आलो होतो एका भजनासाठी. या संगीतकाराने चाल बांधलेलं ते भजन अण्णा रोज पहाटे पेटीवर म्हणत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दोन दिवसांवर वर्षश्राद्ध, आणि त्या संध्याकाळी भजनी मंडळ ते भजन माझ्याकडून ऐकणार होतं. पेटीवर धृपद जमायचं, पण अंतरा आला की बोटं जागीच थांबायची. शब्द आठवत, पण अंतऱ्याची ओळ अण्णांच्या आवाजात कानी येत नसे. मोबाइलमध्ये त्यांचे फोटो पुष्कळ, आवाज एकही नाही. माणूस गेल्याचं मी कसंबसं सोसलं होतं. त्याचा आवाजही डोक्यातून निघून चाललाय, हे सोसवेना. हे दुखणं मी बायकोला सांगितलं नव्हतं. बालाजीला तेवढं सांगत होतो, ती एक ओळ परत दे म्हणून. भजन मोबाइलवर कुठे सापडेना, तेव्हा कोणीतरी या संग्रहालयातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांबद्दल सांगितलं.

बाईंनी साडी झटकून राग सोडला आणि ऐकण्याच्या खोलीत नेऊन यादीतून नेमकं तेच भजन लावून दिलं. धृपद ऐकताना अंगावर काटा आला. मग अंतरा सुरू झाला आणि ती ओळ वर, खूप वर चढत गेली.

"हे नाही हो," मी म्हणालो.

"काका, हेच आहे. मूळ हेच."

अण्णांचा गळा तेवढा चढत नसणार. त्यांनी ती ओळ आपल्यापुरती वळवून घेतली होती, हे मला पन्नाशीत, त्या बाकावर बसून कळलं. म्हणजे मी शोधत होतो ते जगातल्या कुठल्याच कपाटात नव्हतं. डोळे भरून आले. तेवढ्यात वीज गेली. ती बालाजीने घालवली असं मी म्हणणार नाही. वीज जायला देव लागत नाही, हे आम्हा बुलढाणेकरांना कोणी शिकवायला नको.

त्या शांततेत बायको गुणगुणली. तोंडावर पदर धरून, अगदी हळू. ओळ वर न जाता पायरी पायरीने खाली उतरली आणि शेवटच्या अक्षराआधी क्षणभर थांबली. तिथेच अण्णांचा श्वास संपायचा. तेच अण्णा, तीच पहाट.

"पुन्हा म्हण," मी कसाबसा म्हणालो. तिने तीनदा म्हटलं. बाई दारात हात जोडून उभ्या होत्या.

मागताना मी देवाला पत्तासुद्धा सांगून ठेवला होता, कुठून द्यायचं त्याचा. त्याने दिलं, पण त्याला हवं तिथून. तेव्हापासून मी मागतो कमी, आणि मागितलं तर पत्ता सांगत नाही. वर्षश्राद्धाला भजन झालं. अंतऱ्याला माझ्या आवाजामागे बायकोचा आवाज होता.

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं होतं, "तुले कसं येते हे?"

"मामाजी पेटीवर बसले का मी त्यांचा चहा ठेवायची," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, ती मामाजी म्हणायची. "तुम्ही तवा घोरत पडलेले. मी उठवाले निघाले का मामाजी गाता गाता हातानं थांबवायचे. म्हणायचे, राहू दे पोरी, झोपू दे त्याले."