आळणी आणि आळण

आमच्या थोरल्या जाऊबाई, आक्का, गेल्या त्याला दीड महिना झाला. निरोप शाळेत आला तेव्हा माझा सातवीचा तास चालू होता... तो मी पुरा केला आणि मगच निघाले. असं का केलं, मला सांगता येणार नाही. नंतरही फारसं रडू आलं नाही.

मी नाशिककडची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा आळण ठाऊक होतं, पातळ पालेभाजी दाट करायला लावतात ते डाळीचं पीठ. आळणी म्हणजे मात्र माझ्या लेखी मीठ विसरलेलं काहीतरी. इथे मटण मीठ-हळदीवर शिजवतात आणि कांदा-लसणाची चटणी पडायच्या आधीचं ते पाणी, ती आळणी. घरात आजारी, बाळंतीण, लहान पोर असेल त्याचा वाटा आधी काढायचा, मग बाकीच्यांचा रस्सा. पहिल्याच रविवारी आक्कांनी पळी माझ्या हातात दिली. "हे बघ, आळण घालायचं असतंय, आळणी काढायची असती. एवढं ध्यानात ठेव, मग तुला हितं कोण नावं ठेवत न्हाय." वीस वर्षं ठेवलं मी ध्यानात.

शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी त्यांचं तिखट बंद केलं होतं. पोटात काही ठरायचं नाही. रविवारची आळणी तेवढी मागून घ्यायच्या, आठवडाभर तिची वाट बघायच्या. आणि त्या रविवारी पेपर तपासता तपासता मी आळणी काढायच्या आधीच पातेल्यात चटणी टाकली. आता लाल झालेलं पाणी पुन्हा आळणी थोडंच होणार? खोलीत जाऊन सांगून टाकलं. आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दूधभात आण जरा." चार घास कसेबसे खाल्ले.

तेवढ्यात त्यांचा संजय कागलच्या एमआयडीसीतून पाळी संपवून आला. दारातूनच विचारलं, "आई, आळणी प्यालीस काय?"

मी दूधभाताची वाटी उचलली.

"प्याले की," आक्का म्हणाल्या. "झकास हुती. काकीनं केलीया."

बुधवारी त्या गेल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला संजय सांगतो, शेवटच्या रविवारी आई काकीच्या हातची वाटीभर आळणी प्याली, तेवढं तरी समाधान हाय. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान हलवते आणि आत जाऊन चहा टाकते. मला त्याची लाज वाटते.

हे मी वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी लिहितेय, ती संजय दर रविवारी वाचतो.