सहावर चोवीस शून्यं

निनावे सर दुसऱ्यांदा घरची वाट चुकले आणि भिवापूरच्या गाडीत बसलेले सापडले, तेव्हा चेतननं मिहानमधल्या कंपनीतून रजा काढली. "आई, आता बाबायले कन्हानच्या नदीकाठच्या वृद्धाश्रमात ठेवाच लागन," तो म्हणाला.

पुष्पलताबाई पोळ्या लाटत होत्या. "सारं आठवते त्यायले. विचारून पाह्य."

"वार कोणता, ते सांगता येत नाही त्यायले."

"वार तं मलेही आठवत नाही. मलेही ठेवतं का गा?"

त्यांनी परातीतलं कोरडं पीठ हातानं सपाट केलं आणि परात नवऱ्यापुढे सरकवली. सरांच्या ओसरीवरच्या शिकवण्या त्यांनी उभा जन्म चुलीपाशी बसून ऐकल्या होत्या. विणकराच्या घरातल्या, सातवीत शाळा सुटलेल्या त्या बाईला एक धडा तोंडपाठ होता.

"अहो, पृथ्वीचं वजन किती?"

"वजन नाही, वस्तुमान." आवाज जुनाच, वर्गातला. चेतन दारातच थांबला.

"पृथ्वीले काट्यावर कोण ठेवन? ती दगडाले किती जोरानं ओढते ते पाहा. ती केवढी आहे ते पाहा." सरांचं बोट पिठात फिरू लागलं. नऊ पूर्णांक आठ, गुणिले त्रिज्येचा वर्ग. "त्रिज्या मीटरमधी घ्या. किलोमीटर घेतले का गेले मार्क." भागिले गुरुत्व स्थिरांक. सहावर चोवीस शून्यं, इतके किलो.

"अन् चंद्राचं?"

"रीत तीच. ओढ तिथली घ्या, त्रिज्या तिथली."

चेतन खाली बसला. "कुठंच चुकले नाही," तो हळूच म्हणाला.

"मंग? मी काय सांगून राहिली होती?" पुष्पलताबाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

सरांनी पिठाचं बोट पायजम्याला पुसलं आणि त्यांच्याकडे वळून अदबीनं विचारलं, "बाई, आपण कोणाच्या आई?"

तव्यावरची पोळी करपायला लागली. ती कुणी उलटली नाही.

"चेतनची," त्या म्हणाल्या.

"हुशार आहे पोरगा. पण त्याच्या बापाचं घरी लक्ष दिसत नाही. सांगा त्यायले."

"सांगीन."

चेतननं उठून गॅस बंद केला आणि तो तिथेच, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुष्पलताबाईंनी परात उचलून फळीवर ठेवली, आकडे मोडू न देता. मग डब्यातून दुसरं पीठ काढलं.

"त्यायचा सोटर भर ब्यागेत," त्या मुलाला म्हणाल्या. "नदीकाठी गार लागते त्यायले."